वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ न देणारं झेरॉक्सचं दुकान

हा रिव्ह्यू एका झेरॉक्सच्या दुकानाचा आहे. रायगडात, रोहा-मुरूड-तळा या पट्ट्यात, तालुक्याच्या कचेरीमागच्या गल्लीत रसवंतीच्या बाजूला लहानसा गाळा आहे, वर पाटी फक्त "झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन". दुकानवाल्या दादांनी नाव आणि गाव टाकू नको सांगितलंय कारण एकटा माणूस आहे आणि आत्ताच गर्दी आवरत नाही, म्हणून टाकत नाही, पण आमच्याकडचा वाडीवरचा कुठलाही माणूस तुम्हाला बरोबर तिथं नेऊन सोडेल. पाचपैकी पाच स्टार देतेय. का देतेय ते जरा लांबलचक आहे, वेळ असेल तर वाचा, ज्यांच्या घरात वनहक्काचा दावा, म्हणजे पिढ्यान्पिढ्या कसत आलेली वनजमीन आपल्या नावावर करायची मागणी, अडकलाय त्यांनी तर वाचाच.

मी कातकरी. आमची वाडी गावापासून दीड-दोन किलोमीटर वर, डोंगराच्या पोटाला. खैराच्या लाकडापासून कात काढायचे म्हणून आम्हाला कातकरी म्हणतात, पण जंगल सरकारी झालं तसा तो धंदा कधीच गेला, माझ्या आजीने सुद्धा कात पाडताना फक्त तिच्या सासऱ्याला बघितलेलं. आता दिवाळी झाली की अर्धी वाडी वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. वर्षभर पोटाला पुरेल एवढी जमीन कुणाकडेच नाही, जी आहे ती डोंगरउताराची वरकस, तिच्यावर नाचणी, वरी, थोडी तूर, उडीद. आमच्याकडे तिला दळी म्हणतात. इंग्रजांच्या वेळेपासून वनखात्याने असे तुकडे कातकरी, ठाकर लोकांना कसायला दिलेले, बरेचदा नोंद एकाच माणसाच्या नावावर आणि खाली कसणारी घरं अनेक. म्हणजे जमीन आमच्या हातात, पण कागदात आम्ही कुठंच नाही.

मी या दुकानात पहिल्यांदा गेले ती तारीख आठवत नाही पण मार्च २०१९ चा पहिला आठवडा होता, माझी बारावीची परीक्षा चालू होती. त्याआधी १३ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाचा आदेश आलेला की ज्यांचे वनहक्काचे दावे नामंजूर झालेत त्यांना जमिनीवरून काढा, आणि ती बातमी मोबाईलवरून वाडीत पोचेपर्यंत तिचं "पोलीस येणार, घरं पण पाडणार" असं झालेलं. आईबाबा भट्टीवर. घरात मी, आजी आणि लहान भाऊ. आणि अशा वेळेस बरोब्बर एक माणूस मोटारसायकलवरून आला, म्हणाला घरामागे दीड हजार द्या, मी स्टे आणून देतो. अकरा घरांनी दिले. भट्टीवाल्याकडून घेतलेल्या उचलीतले पैसे होते ते, जे पुढे अख्खं वर्ष अंगावर काढून फेडायचे असतात. आमच्या घरचे पण त्यात होते. तो माणूस नंतर दिसला नाही.

तर आजी म्हणाली कचेरीत जाऊन विचारू. कचेरीत काय विचारायचं तेच माहीत नव्हतं, आम्ही आपले कागद घेऊन व्हरांड्यात उभे, तिथल्या एका बाईंनी सांगितलं की मागं झेरॉक्सवाला आहे त्याला दाखवा. गेलो. दादांनी कागद हातात घ्यायच्या आधी आजीला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "आजी, आधी हे ऐका, मग घाबरायचं का ते ठरवा." भिंतीवर एक लॅमिनेट केलेला कागद होता तो काढला आणि मोठ्याने वाचला. २८ फेब्रुवारीलाच सुप्रीम कोर्टाने आपल्या आधीच्या आदेशाला स्थगिती दिलेली. म्हणजे दीड हजार घेणारा जो स्टे आणून देणार होता तो आधीच आलेला होता आणि तो सगळ्यांसाठी होता, फुकट. आजीने दोनदा वाचून घेतला. दुसऱ्यांदा वाचताना दादांनी एकेक ओळ साध्या बोलीत फोडून सांगितली, त्याचे पैसे नाहीत घेतले, झेरॉक्सचे दोन रुपये फक्त घेतले.

त्या भिंतीबद्दल वेगळं लिहायलाच हवं. झेरॉक्सच्या दुकानात भिंतीवर देवाचं कॅलेंडर आणि रेटबोर्ड असतो, इथं वनहक्क कायद्याची कलमं आहेत, मोठ्या अक्षरात मराठीत टाईप करून लॅमिनेट केलेली. कायदा २००६ चा, नियम लागू झाले १ जानेवारी २००८ पासून, नियमांत दुरुस्ती २०१२ ला, हे मला आता झोपेतून उठवलं तरी सांगता येतं ते त्या भिंतीमुळे. एक कागद आहे कलम ४(५) चा, की दाव्याची तपासणी आणि मान्यतेचं काम पुरं होईपर्यंत कुणालाही त्याच्या कब्जातल्या वनजमिनीवरून काढता येत नाही. याच कागदाची झेरॉक्स आमच्या वाडीत आता घरोघर आहे, पत्र्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत. पुढे एका पावसाळ्यात नांगर धरल्यावर अडवायला माणसं आली तेव्हा माझ्या चुलत्याने काही न बोलता तोच कागद पुढं केला, त्यांनी वाचला आणि गेले. दोन रुपयाचा कागद.

आता मेन काम, अपिलाचं. दादांनी पहिला प्रश्न विचारला की नामंजुरीचा कागद कुठंय. आमच्याकडे नव्हताच, दावा नाकारला हे आम्हाला कुणीतरी तोंडी सांगितलेलं. ते म्हणाले मग आधी तो मागायचा, कारणं लेखी द्यावी लागतात त्यांना, आणि अपिलाचे साठ दिवस ते तुम्हाला कळवल्यापासून मोजायचे, वरची समिती आणखी तीस दिवस वाढवून देऊ शकते. अर्धा पान अर्ज टाईप केला, दोन प्रती काढल्या आणि आजीला बजावलं की एक प्रत द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा, पोच घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही, ते उद्या या म्हणाले तर कागद घेऊन परत यायचं. आजीने खरंच पहिल्या दिवशी कागद परत आणला. दुसऱ्या दिवशी पोच मिळाली. ती पोच तिनं मला पंचवीस वेळा वाचायला लावली असेल.

महिना-दीड महिन्याने नामंजुरीचा कागद आणि मूळ दाव्याची प्रत मिळाली आणि ती बघून मला रडू आलं. २००९ ला वाडीत कुणीतरी येऊन सगळ्यांचे फॉर्म भरून घेतलेले, कोऱ्या फॉर्मवर अंगठे. आजीच्या फॉर्मवर तिचं नाव चुकीचं, जागेचा नंबर शेजारच्या वाडीतल्या एका घराचा आणि पुराव्याच्या रकान्यात काहीच नाही, आडवी रेघ. नाकारायची कारणं दोन, पुरावा अपुरा आणि उपग्रहाच्या नकाशात शेती दिसत नाही. दहा वर्षं आम्ही समजत होतो की सरकारला आमची जमीन द्यायची नाही, आणि इथं कागदात आमची जमीनच नव्हती.

दादांनी तो कागद बाजूला ठेवला, कीबोर्ड पण बाजूला सारला, वही घेतली आणि आजीला म्हणाले, "वाडीतून निघा आणि शेतावर जा, वाटेत काय काय लागतं ते सांगत चला."

आजी सांगत गेली. आधी ओढा लागतो, ओढ्याच्या पल्याड उंबर, उंबराखाली वाघदेवाचा दगड, तिथं दरवर्षी पेरणीआधी नारळ. मग चढ. चढाला तिच्या सासऱ्याने रचलेला दगडाचा बांध, कंबरेएवढा, आता मध्ये मध्ये ढासळलाय. बांधावर दोन आंबे, एक सासऱ्याने लावलेला, एक तिच्या नवऱ्याने. त्याच्या वर राब भाजायची जागा, तिथली माती काळी आहे. मग माचाची जागा जिथून रात्री डुकरं हाकायची. मग थोडं थांबली आणि म्हणाली, वरच्या कोपऱ्यात करवंदीच्या जाळीला लागून माझी दोन पोरं आहेत. आम्ही पुरतो. दोघं लहान असतानाच गेलेली, माझ्या बाबांच्या आधीची. मला त्यातल्या एकाचंच माहीत होतं.

दादांनी ते पण लिहिलं. मग आजीला विचारलं की हे कागदात टाकू का, तुम्हाला चालेल का, कारण नियम १३ मध्ये पुराव्यात घर, बांध, विहीर यांच्यासारखीच देवाची जागा आणि पुरलेली जागा पण धरतात. आजी म्हणाली, टाक, ती तिथंच आहेत ना. हे विचारणं मला फार मोठं वाटलं. आमच्याबद्दल लोकं फॉर्म भरतात, सर्व्हे करतात, फोटो काढतात, पण विचारून लिहिणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

याच नियमात असंही आहे की दावेदार सोडून दुसऱ्या जुन्या माणसाचा जबाब लिहून घेतला तर तो पण पुरावा, आणि एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. आम्हाला वाटलं वाडीतला कुणी म्हातारा आणू. दादा म्हणाले तो आणाच, पण खालच्या गावातलं कुणी जुनं माणूस आहे का जे तुम्हाला तिथं कसताना बघत आलंय. आमच्या खालच्या कुणब्यांच्या गावात एक बाबा होते, ऐंशीच्या पुढचे, आजीची आणि त्यांची जुनी ओळख, लावणीला ती त्यांच्याकडे जायची. ते काठी टेकत एसटीने आले. गाळ्यात बसून त्यांनी सांगितलं की मी गुरं राखायला वर जायचो तेव्हा हिचा सासरा वरी कापत असायचा, मी त्याच्याकडची पेज प्यायलोय, तेव्हा गावात खोताचा वाडा होता आणि खोताचा माणूस त्याला पण वेठीला न्यायचा. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, म्हणजे जबाब त्याच्याही आधीच्या दिवसांचा झाला. कायदा मागतो १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा कब्जा, आणि बाबांनी पेजेच्या एका वाटीने साठ वर्षं मागं नेलं. गेल्या वर्षी बाबा वारले. त्यांच्या मुलाने त्या जबाबाची झेरॉक्स मागून घेतली, वडलांचं बोलणं लिहिलेलं दुसरं काही नाही म्हणाला.

उपग्रहाचं काय केलं ते पण सांगते कारण बऱ्याच जणांचे दावे याच्यावर नाकारलेत. दळीची शेती भातासारखी दरवर्षी एकाच जागेवर नसते, दोन-तीन वर्षं नाचणी-वरी घेतली की तो तुकडा पडीक ठेवायचा आणि बाजूचा करायचा, तोवर पडलेल्यावर झुडपं वाढतात. वरून फोटो काढला तर हिरवंच दिसणार. शिवाय फोटो कुठल्या महिन्यातला हेच नकाशावर नव्हतं. दादांनी अपिलात हे सगळं आजीच्या शब्दांत लिहिलं आणि खाली २०१२ च्या दुरुस्तीतला नियम टाकला की उपग्रहाचं चित्र बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून वापरता येतं, त्याच्या जागी नाही.

टाईप झाल्यावर त्यांची जी पद्धत आहे तिच्यासाठीच मी हे सगळं लिहितेय. प्रिंट काढली आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचली. सात पानं. मागं पाच-सहा गिऱ्हाईक उभं, कुणाला आधारची झेरॉक्स, कुणाला फोटो, ते सगळे पण ऐकत उभे. तिसऱ्या पानावर आजी म्हणाली, पोरा, आंबे दोन आहेत, तू तीन म्हणालास. खरंच टायपिंगमध्ये चूक झालेली. पान परत काढलं, त्याचे पैसे नाही लावले. सातवं पान झाल्यावर विचारलं, आजी हे तुमचंच म्हणणं आहे ना. मग शाईचा पॅड पुढं केला. २००९ ला तिचा अंगठा कुणी घेतला ते तिला आठवत नाही, या वेळचा तिला आठवतो.

माझ्या समोर घडलेली दुसरी गोष्ट. एकदा मी बसलेले असताना एक चांगले कपडे घातलेला माणूस एका ठाकर म्हाताऱ्याला घेऊन आला, म्हणाला कुलमुखत्यारपत्र टाईप करायचंय, ड्राफ्ट मोबाईलवर आहे, लगेच पाहिजे, डबल रेट देतो. दादांनी ड्राफ्ट वाचला आणि तिथंच मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली. म्हाताऱ्याला सांगितलेलं की विहिरीच्या स्कीमचा कागद आहे. कागदात होतं की त्याची सातबाऱ्यावरची सगळी जमीन विकायचे, गहाण टाकायचे, मोजणी करायचे अधिकार त्या माणसाला. म्हातारा उठून उभा राहिला, थरथरत होता. दादा त्या माणसाला शांतपणे म्हणाले की जमीन महसूल कायद्यात कलम ३६अ आहे, ६ जुलै १९७४ नंतर आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय जात नाही, मी हे टाईप करणार नाही. तो माणूस बरंच बोलला. मग निघून गेला, दुसरीकडे टाईप करून घेतलं असेल पण तो म्हातारा त्याच्याबरोबर गेला नाही, तो तिथंच बसून राहिला आणि दादांनी त्याला एसटी स्टँडवर सोडलं. हायवे रुंद झाला आणि फार्महाऊस यायला लागली तशी आमच्या बाजूला अशी माणसं वाढलीत, जमीन बघायला येतात तेव्हा डोंगर बघतात, खाडी दिसते का बघतात, मध्ये आमची वाडी आहे ती त्यांना दिसत नाही.

वाडीचं पण सांगते. आमची घरं जिथं आहेत ती जागा खाजगी मालकाची, पणजोबांच्या वेळेपासून आम्ही तिथं आणि सातबारा दुसऱ्याचा. आता केंद्राच्या पीएम जनमन योजनेत कातकऱ्यांना घरकुल मंजूर होतंय, पण जागेचा कागद मागतात आणि तिथंच गाडी अडते. गावठाणाची मागणी आम्ही याच दुकानातून टाईप करून दिलीय, वाडीचा नकाशा हाताने काढून, घर नंबर, हातपंप, अंगणवाडी, वाडीतली सगळ्यात जुनी चिंच, सगळं दाखवून. त्याच्यावर अजून काही झालेलं नाही.

जातीच्या दाखल्याचं काम पण ते करतात. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा राहिवासाचा पुरावा मागतात, आणि कातकऱ्याच्या घरात तेव्हा शाळेत कोण गेलं होतं! दादा भाऊकीतला एक तरी माणूस शोधायला लावतात ज्याचं नाव कुठल्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरला लागलंय, मग त्याच्याशी नातं जोडत आणतात. माझा दाखला माझ्या आजोबांच्या चुलतभावावरून निघाला, जो तिसरीत शाळा सोडून गेलेला. त्या तीन यत्तांवर आज आमच्या भाऊकीतल्या नऊ पोरांचे दाखले आहेत.

आणि एक, आमची पोरं मोबाईलवर पालघरचे, गडचिरोलीचे व्हिडिओ बघून म्हणतात आपण पण पेसा लावू, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा. दादांनी समजावलं की रायगड अनुसूचित क्षेत्रात येत नाही म्हणून इथं पेसा नाही, पण वनहक्क कायदा सगळीकडे आहे आणि त्यात वाडीची सुद्धा ग्रामसभा धरतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ ला सामूहिक वनहक्क, म्हणजे अख्ख्या गावाचा मिळून जंगलावरचा हक्क, मिळाला त्याची हकीकत ते सगळ्यांना सांगतात आणि विचारतात की तुमच्या वाडीचा सामूहिक दावा कधी. आम्ही आता त्याची यादी करतोय. मध, कंदमुळं, करवंदं, पावसाळ्यातल्या रानभाज्या, ओढ्यातले मासे-चिंबोऱ्या, सरपण, कुठून कुठवर जातो ते. बायका सांगतात आणि मी लिहिते. एवढं सगळं आम्ही जंगलातून आणतो हे मला पण लिहिताना कळलं.

कमी काय आहे ते पण लिहिते म्हणजे कुणी जाऊन नाराज व्हायला नको. बसायला एकच स्टूल आहे, म्हाताऱ्या माणसांना गल्लीत उन्हात उभं राहावं लागतं, बाहेर एक बाकडं आणि वर ताडपत्री टाकली तर फार बरं होईल, मी दोनदा बोललेय. लाईट गेली की काम बंद, इन्व्हर्टर नाही. प्रिंटरचा डावा कोपरा पुसट येतो, शिक्क्याच्या जागी पुसट आलं तर कचेरीत परत पाठवतात, म्हणून प्रत हातात घेऊन नीट बघा. मराठी टायपिंग जुन्या फॉन्टमध्ये आहे, पेनड्राईव्हवर फाईल घेऊन दुसरीकडे उघडली की नुसती चिन्हं दिसतात, माझ्या भावाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचं असं झालं आणि शेवटच्या दिवशी परत सगळं टाईप करावं लागलं. दादांना युनिकोड शिकवायला मी तयार आहे, त्यांना वेळ नाही. व्हॉट्सॲपवर कागद पाठवला तर बघत नाहीत, माणूस समोर पाहिजे म्हणतात. आणि काम हळू होतं, घाई असेल तर जाऊ नका. वाचून दाखवण्यात वेळ जातो आणि तो ते सोडणार नाहीत.

रेट झेरॉक्स दोन रुपये, टायपिंग पानाला तीस, अपिलाची सात पानं आणि प्रती धरून आमचे तीनशेच्या आत झाले. निम्मे तेव्हा दिले, निम्मे आई भट्टीवरून आल्यावर. वहीत नाव लिहितात आणि नंतर आठवण करत नाहीत, तेव्हा आपणच आठवणीने द्या. नवरा-बायकोचा दावा असेल तर दोघांचे फोटो न्या, कायद्यात पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, दोघांच्या नावावर आहे, बाईचा फोटो आणला नाही तर ते परत पाठवतात, माझ्या चुलत्याला तीन तास घालवून परत पाठवलेलं आणि काकी त्यावर खूश होती.

दुपारी दोन ते चार बंद. रविवारी बंद. आणि २५ सप्टेंबरला बंद, त्या दिवशी ते चिरनेरला जातात. उरण तालुक्यातल्या चिरनेरला १९३० साली याच तारखेला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, जंगल कायद्याविरुद्ध लोक अक्कादेवीच्या डोंगराकडे गेलेले, त्यात नाग्या कातकरी हुतात्मा झाले. शाळेत आम्हाला सत्याग्रह शिकवला तेव्हा हे नाव कुणी घेतलं नव्हतं. मला ते दुकान बंद असल्यामुळे कळलं, दुसऱ्या दिवशी विचारलं की काल कुठं होता. पुढच्या वर्षी मी आणि आजी पण गेलो. हुतात्म्यांच्या नावांत कातकरी हे अक्षर दगडावर कोरलेलं असेल असं तिला वाटलंच नव्हतं, तिला वाचता येत नाही म्हणून मी तिचं बोट धरून त्या नावावरून फिरवलं.

अपिलाचं काय झालं. वर सुनावणी झाली, फेरतपासणीचा आदेश झाला. ग्रामसभेची वनहक्क समिती, तलाठी, वनरक्षक असे सगळे वर आले, हातात जीपीएसचं मशीन. आजी पुढं. कागदात जसं लिहिलं तसंच ती चालत गेली, ओढा, उंबर, वाघदेव, बांध, दोन आंबे. वरच्या कोपऱ्यात करवंदीपाशी ती थांबली आणि तिथं कुणाला पाय ठेवू दिला नाही, मशीनवाला बाजूने वळसा घालून गेला. त्याला मधूनच सिग्नल मिळत नव्हता, झाडी होती, आणि घाई पण होती कारण खाली अजून सहा जमिनी मोजायच्या होत्या. २०२२ च्या पावसाळ्यात पट्टा आला. आजीच्या नावाचा, या वेळेस नाव बरोबर. बावीस गुंठे. आम्ही कसतो दीड एकराच्या वर.

पट्टा घेऊन आम्ही आधी दुकानात गेलो. दादांनी तो उभं राहून वाचून दाखवला, लॅमिनेट केला नाही, म्हणाले मूळ कागद लॅमिनेट करायचा नसतो, झेरॉक्स करून ती करू. मग चतुःसीमा वाचताना थांबले आणि वहीतलं जुनं पान काढलं, आजीने सांगितलेली वाट. बांधापर्यंतच मोजलंय. बांधाच्या वरचं राहिलंय, म्हणजे राबाची जागा, माच आणि करवंदीचा कोपरा. आजी काही बोलली नाही. एसटीत बसल्यावर म्हणाली, खालचं आलं, आता वरचं आणायचं.

तेव्हापासून त्या वरच्या तुकड्याचे कागद चालू आहेत. मोजणीचा नकाशा मागितला, तो मिळायला आठ महिने गेले, मग वाडीतल्या ज्या ज्या घरांचं क्षेत्र कमी लागलंय त्या चौदा घरांचे वेगवेगळे अर्ज केले, एकत्र नको असं दादाच म्हणाले, प्रत्येकाची वाट वेगळी आहे. त्यातल्या नऊ घरांच्या वाटा मी लिहून घेतल्यात, त्यांच्यासारखंच, वाडीतून निघा आणि सांगत चला असं म्हणून. पाच राहिल्यात कारण ती माणसं भट्टीवर आहेत.

जाणार असाल तर गुरुवारी जाऊ नका, बाजाराचा दिवस असतो, उभं राहायला जागा मिळत नाही. सकाळी दहाच्या आत पोचा. रेशनकार्ड, आधार, मतदार यादीतलं नाव सगळं न्या, नावात फरक असेल तर आधीच सांगा. आणि घरातलं सगळ्यात जुनं माणूस बरोबर न्या, त्याला चालवत असेल तर नक्की न्या.

आम्ही येत्या सोमवारी पहिल्या एसटीने जातोय, करवंदीच्या कोपऱ्याचा फोटो प्रिंट करायचाय. आजीने कालच तिथं जाऊन जाळी साफ केलीय.